बाळंतिणीची राखण : अमेरिकेतील शल्यविशारद व परिचारिका यांचे एकत्र शिक्षण

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आज्या म्हणत असत. कोकणातील गावी सुईणीच्या हातून ज्यांची बाळंतपणे झाली, त्यांना या म्हणण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसे. पुढे आपली कुटुंबे मुंबई-ठाण्यास आली, घरातले बाळंतपण इस्पितळात गेले, आणि त्यापुढील पिढीतील कित्येक मुली इस्रायल, इंग्लंड, अमेरिका येथे जाऊन स्थायिक झाल्या. आता लेकीचे दिवस भरत आले की आई विमानाने अमेरिकेस जाते. सामानात डिंक, अळीव, खारीक यांची पुडकी असतात आणि मनात एक समाधान असते : काही झाले तरी अमेरिकेतले इस्पितळ आहे, तेथे काय कमी?

या समाधानाला आधार आहे. परंतु तो आपण समजतो तितका भक्कम नाही. श्रीमंत राष्ट्रांच्या रांगेत बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण अमेरिकेइतके अन्यत्र क्वचितच आढळते. त्या देशाच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२१ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३२.९ माता दगावल्या. त्या वर्षी कोविडच्या साथीची भर होती, हे खरे. २०२३ साली हे प्रमाण १८.६ पर्यंत उतरले. तरीही त्या एका वर्षात ६६९ माता गेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांत हेच प्रमाण ५०.३ होते, तर गौरवर्णीय स्त्रियांत १४.५. ज्या देशात भूल देण्याची विद्या जगास प्रथम जाहीरपणे दाखविण्यात आली, जेथे रक्तपेढ्या, औषधे आणि यंत्रे यांची वाण नाही, त्या देशाची ही कथा आहे.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेतील राज्याराज्यांत अशा प्रत्येक मृत्यूची छाननी करणाऱ्या समित्या आहेत. २०१७ ते २०१९ या वर्षांतील मृत्यू तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, शंभरातील ऐंशीहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. म्हणजे विद्या होती, औषध होते, हात होते. ती सारी योग्य क्षणी एकत्र आली नाहीत. ती एकत्र कशी आणावी, हे शल्यविशारदांस आणि परिचारिकांस शिकविण्याचा जो उद्योग गेली वीस-पंचवीस वर्षे त्या देशात चालू आहे, त्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू.

जुना दोष, जुनी चौकशी

टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा हा शोध आजचा नाही. न्यू यॉर्क शहरातील वैद्यकीय अकादमीने १९३० ते १९३२ या तीन वर्षांत शहरात झालेल्या २,०४१ मातृमृत्यूंची एकेक करून चौकशी केली आणि १९३३ साली अहवाल प्रसिद्ध केला. दोनतृतीयांश माता वाचू शकल्या असत्या, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लोकांचा समज असा की दोष सुइणींचा असावा. अहवालाने दाखविले की सुइणींचा वाटा अत्यल्प होता. सर्वांत मोठा वाटा डॉक्टरांच्या चुकीच्या निर्णयाचा आणि अपुऱ्या कौशल्याचा होता. अनावश्यक शस्त्रक्रिया, घाईने लावलेले चिमटे आणि त्यांतून होणारा जंतुसंसर्ग हे त्या काळचे मोठे शत्रू होते.

हे वाचताना आमच्या समाजाच्या एका थोर कन्येचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळविली, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा वाहिली. मुंबई शहरातील मातृमृत्यूंच्या कारणांची चौकशी करून त्यांनी सिद्ध केलेला अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. बाळंतीण गेली की ‘नशिबात नव्हते’ म्हणून हात जोडावेत, ही रीत त्या काळी सर्वत्र होती. प्रत्येक मृत्यूमागे कारण असते, ते शोधता येते आणि शोधले तर पुढची बाई वाचते, हा विचार डॉ. झिराड यांनी मुंबईत रुजविला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. न्यू यॉर्क आणि मुंबई या दोन शहरांत दहा वर्षांच्या आत एकच प्रश्न विचारला गेला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु नुसते कारण सापडून भागत नाही. ते कारण शस्त्रक्रियेच्या खोलीत, रात्री दोन वाजता, दमलेल्या माणसांच्या हातून टळले पाहिजे. तेथे प्रश्न येतो तो कोण बोलतो आणि कोण ऐकतो याचा. अमेरिकेत या प्रश्नाची मुळे फार खोल गेलेली आहेत.

अलाबामातील तीन स्त्रिया

बाळंतपण कित्येक दिवस अडले तर बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधील पडदा कुजून त्यास छिद्र पडते, आणि त्या बाईची लघवी जन्मभर गळत राहते. या व्याधीवरील शस्त्रक्रिया डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांनी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात सिद्ध केली. ज्यांच्यावर ती सिद्ध केली त्या गुलाम स्त्रिया होत्या. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी या तिघींची नावे इतिहासास ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. ईथरची भूल १८४६ साली बोस्टन येथे सर्वांसमक्ष दाखविण्यात आली होती, तरी या स्त्रियांना ती देण्यात आली नाही. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्न त्या समाजात उद्भवतच नव्हता.

पुढे काय झाले ते आमच्या विषयाशी निगडित आहे. वारंवार येणाऱ्या अपयशामुळे सिम्स यांना साहाय्य करणारे डॉक्टर हळूहळू दूर झाले. तेव्हा त्यांनी या स्त्रियांनाच शस्त्रक्रियेत मदत करण्यास शिकविले. एकीवर शस्त्रक्रिया चाले आणि इतर तिला धरीत, साधने पुढे करीत, नंतर तिची शुश्रूषा करीत. अमेरिकेत या प्रकारच्या शस्त्रक्रियेसाठी तयार झालेल्या पहिल्या परिचारिका या अशा होत्या. त्यांनी सर्व काही पाहिले, सर्व काही केले. मात्र बोलण्याचा अधिकार त्यांना नव्हता. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला उभा असलेला सिम्स यांचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये तेथून हलविण्यात आला, आणि २०२१ साली माँटगोमेरी येथे या तीन स्त्रियांचे स्मारक उभे राहिले. न्याय झाला, पण फार उशिरा.

त्याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरेही एक चित्र दिसते. स्त्रियांना वैद्यक शिकविण्यासाठी फिलाडेल्फिया येथे १८५० साली महाविद्यालय निघाले, आणि तेथेच कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली दाखल झाल्या. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या त्या तरुणीने ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिविद्या. पुढील वर्षीच तिचे निधन झाले. ती जगती तर काय करती, हे कोणी सांगावे? पण जिच्यावर उपचार व्हायचे तिच्या बाजूची व्यक्ती उपचार करणाऱ्यांत असली पाहिजे, ही जाणीव तिच्या प्रवासामागे होती, असे आम्हास वाटते.

धाकाचे मोल

आता आपण आपल्या काळाकडे येऊ. अमेरिकेतील इस्पितळांची पाहणी करून त्यांस मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. प्रसूतीच्या वेळी बाळ दगावल्याच्या किंवा त्यास कायमची इजा झाल्याच्या ४७ घटना तिने तपासल्या आणि जुलै २००४ मध्ये सर्व इस्पितळांना इशारा दिला. या घटनांचे मूळ शोधता असे दिसले की, शंभरातील बहात्तर घटनांत माणसामाणसांतील निरोपाची देवाणघेवाण फसली होती. निम्म्याहून अधिक घटनांत इस्पितळातील वातावरणच आड आले होते, म्हणजे वरिष्ठांचा धाक, उतरंडीची भीती, एकमेकांस न विचारण्याची सवय. परिचारिकेस दिसत होते. ती बोलली नाही, किंवा बोलली तेव्हा कोणी ऐकले नाही.

आपल्याकडील इस्पितळांत ज्यांनी नोकरी केली आहे, अशा वाचकांस हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. परिचारिकेचा पेशा पत्करलेल्या स्त्रिया आपल्या समाजात घरोघरी आहेत. ‘मोठे डॉक्टर’ येत आहेत असे कळताच वॉर्डात पसरणारी शांतता त्यांनी अनुभवली असेल. आदर असावाच. परंतु ज्या आदरापोटी रक्त वाहत असल्याचे सांगण्यास पाच मिनिटे उशीर होतो, त्याची किंमत बाळंतीण देते. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पाच मिनिटांचा अर्थ कळेल.

यावर उपाय काय? जॉइंट कमिशनने सुचविले की डॉक्टर व परिचारिका यांस एकत्र शिकवावे आणि संकटाच्या तालमी घ्याव्यात. इतके दिवस शल्यविशारद आपल्या जागी शिके आणि परिचारिका आपल्या जागी. दोघांनी आयुष्यभर खांद्याला खांदा लावून काम करावयाचे, पण शिकण्याच्या खोल्या निराळ्या. नाटक मंडळीने नायकाची तालीम एका गावी आणि नायिकेची दुसऱ्या गावी घ्यावी, तसा हा प्रकार होता.

कॅलिफोर्नियाची तालीम

या कामी पुढाकार घेतला तो कॅलिफोर्निया राज्याने. २००६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आश्रयाने तेथे मातांच्या शुश्रूषेची गुणवत्ता वाढविण्यासाठी एक सहकारी संस्था स्थापन झाली. राज्यातील मातृमृत्यूंची छाननी करता टाळण्याजोग्या कारणांत दोन प्रमुख दिसली : प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब. रक्तस्रावाच्या वेळी कोणी काय करावे, याची क्रमवार मार्गदर्शिका २०१० साली इस्पितळांच्या हाती देण्यात आली.

तिच्यात जादूचे काही नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक प्रसूतिकक्षात एक तयार हातगाडी. तीत रक्तस्राव थांबविण्याची साधने, गर्भाशयात फुगवून दाब देण्याचा फुगा, विशेष टाके घालण्याचे साहित्य आणि काय कोणत्या क्रमाने करावे याचा तक्ता, सर्व एकत्र. शीतपेटीतील औषधेही तत्काळ मिळतील अशी व्यवस्था. कपाटाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्या वेळी उद्भवता कामा नये. दुसरी गोष्ट, रक्त मोजणे. तिच्याविषयी पुढे सांगू. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तालीम.

अशा तालमीचे स्वरूप साधारणतः असे असते. खाटेवर माणसाच्या आकाराची बाहुली ठेवलेली असते. तिची नाडी चालते, ती बाळास जन्म देते आणि तिच्या अंगातून रंगीत पाणी रक्तासारखे वाहू लागते. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्तपेढीचा माणूस, सर्वांस बोलावणे जाते, कित्येकदा आगाऊ सूचना न देता. एकजण नेतृत्व घेतो. एक परिचारिका घड्याळ पाहून प्रत्येक औषधाची वेळ लिहिते. दुसरी भिजलेले कापड वजन करते. तिसरी रक्त आणवते. जी आज्ञा दिली जाते ती घेणाऱ्याने मोठ्याने परत उच्चारावयाची आणि काम झाल्यावर ‘झाले’ असे सांगावयाचे, म्हणजे ‘मला वाटले तुम्ही दिले’ हे वाक्य कोणाच्या तोंडी येऊ नये.

तालीम संपली की सर्वजण गोलाकार बसतात. काय नीट झाले, काय राहून गेले, याची चर्चा होते. आणि येथेच खरे शिक्षण घडते. सर्वांत धाकट्या परिचारिकेसही बोलते करावयाचे असते. ‘रक्त दीड लिटर गेले, असे मी दोनदा सांगितले, पण आपले लक्ष टाक्याकडे होते,’ असे तिने म्हणावे आणि वीस वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसाने ते खाली मान घालून ऐकून घ्यावे, यात अपमान नाही. तालमीत बाहुली मेली तर कोणाचे घर बुडत नाही, आणि तेथे एकदा मोडलेली भीड खऱ्या प्रसंगी पुन्हा आड येत नाही.

फळ काय मिळाले? या कामात सामील झालेल्या ९९ इस्पितळांची तुलना सामील न झालेल्या ४८ इस्पितळांशी करण्यात आली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. सामील इस्पितळांत रक्तस्राव झालेल्या मातांमधील गंभीर इजांचे प्रमाण २०.८ टक्क्यांनी घटले, इतरत्र ते जवळपास होते तेथेच राहिले. २००६ साली कॅलिफोर्नियात लाख जन्मांमागे १६.९ माता दगावत होत्या. २०१३ साली ७.३. याच काळात उर्वरित अमेरिकेतील प्रमाण वाढत असल्याचे नोंदले जात होते. जानेवारी २०२१ पासून जॉइंट कमिशनने आपल्या मान्यतेच्या प्रसूतिगृहांस रक्तस्राव व रक्तदाब यांविषयी कर्मचाऱ्यांस शिक्षण देणे आणि दर वर्षी तालीम घेणे आवश्यक ठरविले.

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी

अमेरिकेत साधारणतः दर तीन बाळंतपणांपैकी एक सिझेरियन शस्त्रक्रियेने होते. एकदा सिझेरियन झाले की पुढील गरोदरपणी वार जुन्या व्रणावर रुजून गर्भाशयाच्या भिंतीत शिरण्याचा धोका असतो. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असली तर हा धोका पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात तीन, दुसऱ्या वेळी अकरा आणि तिसऱ्या वेळी चाळीस, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत आढळले. अशी वार सोडवू जाता क्षणात लिटरांनी रक्त जाते. म्हणून आता शल्यविशारदांस दोन्ही गोष्टी शिकवितात : टाका कसा घालावा, आणि शस्त्र केव्हा हाती घेऊ नये. अशा बाईस आधीच ओळखून, रक्ताची तयारी असलेल्या मोठ्या इस्पितळात पाठवावे, हाही शस्त्रक्रियेचाच भाग मानला जातो.

टेबलाशी परिचारिकेचे काम केवळ साधने देण्याचे नाही. पोट शिवण्यापूर्वी ती कापसाचे बोळे, सुया, चिमटे मोजते. मोजणी जुळली नाही तर शोध घेतल्यावाचून पुढे जावयाचे नाही. शस्त्र लावण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया, जंतुनाशक औषध दिले की नाही, याची खातरजमा करावयाची. या पद्धतीस जगभर नेण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्यांचे नाव मराठी वाचकास परके वाटू नये. डॉ. अतुल गावंडे हे बोस्टनचे शल्यविशारद. त्यांचे वडील विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००८ साली १९ बाबींची एक यादी तयार झाली. सिअ‍ॅटल, लंडन, दिल्ली यांसह आठ शहरांतील इस्पितळांत तिचा प्रयोग करण्यात आला; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादीतील एक बाब अगदी साधी आहे : सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. एकदा ज्याने आपले नाव उच्चारले, तो पुढे धोका दिसताच तोंड उघडण्यास कचरत नाही.

बेळगावचे कापड

आता रक्त मोजण्याविषयी. पूर्वी डॉक्टर नजरेने अंदाज करीत. अंदाज नेहमी कमी निघतो, आणि रक्त जितके अधिक तितका अंदाज अधिक चुकतो. म्हणून भिजलेले कापड काट्यावर टाकून त्यातून कोरड्या कापडाचे वजन वजा करावयाचे. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. हे काम परिचारिकेचे. तिच्या तोंडी ‘बरेच रक्त जाते आहे’ या शब्दांच्या जागी आकडा आला की कोणा वरिष्ठास तो उडवून लावता येत नाही.

याच हेतूचे एक साधन आपल्या शेजारी, बेळगाव येथे घडले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड डरमन यांनी मिळून बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. बाळंतिणीच्या खाली प्लॅस्टिकचे एक कापड पसरावयाचे, त्याच्या टोकास नरसाळ्यासारखी, खुणा केलेली पिशवी. रक्त तीत जमते आणि किती गेले ते वाचता येते. नजरेचा अंदाज या पिशवीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो, असे आढळले. याच कापडाच्या साहाय्याने १,६२० स्त्रियांत मिझोप्रोस्टॉल गोळ्यांची परीक्षा झाली. गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या परिचारिका-सुइणी. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० इस्पितळांत अशीच खुणांची पिशवी आणि त्वरित उपचारांचा संच एकत्र वापरला, तेव्हा गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले. विद्या नेहमी पश्चिमेकडूनच येते असे नाही. कधी ती बेळगावच्या खेड्यातून निघून जगभर जाते.

जेथे तालीम अपुरी पडते

हे सर्व लिहून आम्ही वाचकांस असे भासवू इच्छित नाही की तालीम म्हणजे सर्व दुखण्यांवर एकच मात्रा. डॉ. गावंडे यांच्याच संस्थेने उत्तर प्रदेशातील १२० प्रसूतिकेंद्रांत २०१४ ते २०१६ या काळात दीड लाखांहून अधिक बाळंतपणांचा मोठा प्रयोग केला. परिचारिकांना प्रसूतीसाठी तयार केलेली यादी दिली, शेजारी उभे राहून शिकविले. त्यांच्या कामात सुधारणा स्पष्ट दिसली. पण माता आणि बालके यांचे मृत्यू घटले नाहीत. परिचारिकेने संकट ओळखले तरी हाकेच्या अंतरावर शल्यविशारद, रक्त आणि वाहन नसेल तर तिने काय करावे?

अमेरिकेतही खेड्यांची दशा अशीच होत चालली आहे. ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक इस्पितळांत २०२२ सालापर्यंत बाळंतपणाची सोय उरली नव्हती. आणि जेथे सर्व सोयी आहेत तेथेही ऐकण्याचा प्रश्न संपलेला नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने आपली हकीकत स्वतःच सांगितली आहे. २०१७ साली सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आपला इतिहास तिला ठाऊक होता. कोणती तपासणी आणि कोणते औषध हवे तेही तिने सांगितले. औषधांच्या अमलाने ती गोंधळली असावी, असे परिचारिकेस वाटले. ती हटून बसली म्हणून अखेर तपासणी झाली, आणि गुठळ्या निघाल्या. जगप्रसिद्ध, श्रीमंत स्त्रीस जर इतके हटावे लागते, तर ज्या कृष्णवर्णीय बाईस कोणी ओळखत नाही तिचे काय होत असेल? अनार्काच्या काळापासून चालत आलेले हे बहिरेपण आहे. वर दिलेल्या ५०.३ या आकड्यात ते मोजले जाते.

आपण काय घ्यावे

आमच्या वाचकांत निवृत्त परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणास निघालेल्या माताही आहेत. तिघींनाही या विषयात घेण्यासारखे आहे. परिचारिकांनी आकडा सांगावा आणि तो ऐकला जाईपर्यंत सांगत राहावे. डॉक्टरांनी आपल्या हाताखालच्या सर्वांत धाकट्या मुलीस ‘तुला काय दिसते?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. आणि आयांनी हे ध्यानात ठेवावे की, अमेरिकेतील अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर एक आठवडा उलटून गेल्यावर, वर्षाच्या आत होतात. त्या वेळी इस्पितळ मागे पडलेले असते, आणि जवळ असते ती आई.

म्हणून लेक म्हणाली की डोके असह्य दुखते आहे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येतात, छातीत दुखते, धाप लागते, एका पायास सूज आली आहे, ताप चढला आहे, किंवा तासाभरात कापड पूर्ण भिजते आहे, तर ‘बाळंतपणात व्हायचेच’ असे म्हणून तिला निजवू नये. तत्काळ इस्पितळात न्यावे. गेल्यावर ती नुकतीच बाळंत झाली आहे, हे पहिल्या वाक्यात सांगावे. आणि उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारावे. भाषा अडली तर दुभाषा मागावा. परक्या देशात आपण भिडेपोटी गप्प बसतो. ही भीड सोडण्याची तालीम आपणही घरी घेतली पाहिजे.

डॉ. झिराड यांनी मुंबईत प्रत्येक मृत्यूचे कारण विचारले. कॅलिफोर्नियातील परिचारिका आज काट्यावर कापड ठेवून तोच प्रश्न मृत्यूच्या आधी विचारते. दोघींत ऐंशी-नव्वद वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर असले, तरी काम एकच आहे. आपल्या मुलीबाळींचा पुनर्जन्म सुखरूप व्हावा, अशी प्रार्थना आपण करतोच. तिच्याबरोबर आपले कान उघडे असावेत, इतकेच आमचे मागणे.